लॅनयार्डसाठी सांबरशिंगाचे मणी वापरावेत का?

प्रश्न : शिटी अडकवण्यासाठी श्वानप्रशिक्षक गळ्यात घालतात ते लॅनयार्ड मी सुती व नायलॉनच्या दोऱ्या विणून तयार करते. परदेशी लॅनयार्डमध्ये हरणाच्या शिंगाचे मणी आणि सरकत्या गुंड्या पाहिल्या. आमच्याकडे आजोबांच्या वेळचे सांबरशिंग आहे. त्याचे तुकडे करून वापरता येतील का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ते शिंग कृपया कापू नका. स्कॉटलंडसारख्या ठिकाणी कारागीर रेड डिअर या हरणाची दरवर्षी आपोआप गळणारी शिंगे वापरतात आणि तिथे ते रीतसर चालते. आपल्याकडे मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार सांबर, चितळ यांच्या शिंगांचा व्यापार करता येत नाही, मग शिंग गळालेले का असेना. हा नियम मला योग्य वाटतो, कारण कापून, घासून, चकाकी देऊन मणी तयार झाला की ते शिंग रानात सापडलेले होते की शिकारीतून आलेले, हे कोणालाही ओळखता येत नाही.

पूर्वी उगाळून लेप लावण्यासाठी सांबरशिंग अनेक घरांत असे, त्यामुळे आपल्याकडे ते असण्यात नवल नाही. परंतु वारशाने आलेल्या अशा वस्तूची माहिती ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांना द्यावी लागते आणि मालकीचे प्रमाणपत्र असले तरी ती विकता येत नाही. कागदपत्रे नसतील, तर पुण्यातील वन विभागाच्या कार्यालयात लेखी कळवून पुढील मार्गदर्शन घ्यावे.

मण्यांसाठी म्हशीचे शिंग घ्यावे. उत्तर प्रदेशातील संभल येथे त्याचा मोठा हस्तव्यवसाय आहे. सांबराचे शिंग हे हाड असते, तर म्हशीचे शिंग नखासारख्या केराटिनचे, थराथरांचे असते. ते बुडाशी पोकळ आणि टोकाशी भरीव असल्यामुळे गुंडीसाठी टोकाचाच भाग निवडावा. भोक पाडताना ड्रिल सावकाश चालवावे व मधूनमधून थांबावे, कारण शिंग तापले की जळक्या केसांसारखा वास येतो आणि थर सुटू लागतात. धूळ छातीत जाऊ नये म्हणून मास्क लावून, पाण्याचा हात देत पॉलिशपेपरने घासावे. भोकाच्या दोन्ही कडा गोल करण्यास मात्र विसरू नये. धारदार कड आतून दोरी कापत राहते आणि एक दिवस शिटी मैदानातच गळून पडते. तयार मणी फार वेळ पाण्यात ठेवू नये, अधूनमधून तेलाचे बोट फिरवावे.

गळ्यात घालायच्या दोरीला मानेमागे ताण येताच सुटणारी कडी अवश्य बसवावी, कारण कुत्र्याने दोरी दातांत धरून ओढली तर गळ्याला फास बसू शकतो.