पालक व्हिसावर, मुलगी नागरिक

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी एच-१बी, पत्नी एच-४ व्हिसावर आहे. इथेच जन्मलेली आमची मुलगी बारावीत आहे. तिला कॉलेजसाठी सरकारी अर्थसाहाय्य मिळू शकेल का?

उत्तर : अर्ज अवश्य करावा. केंद्रीय साहाय्यासाठी विद्यार्थ्याचे नागरिकत्व पाहिले जाते, पालकांचा व्हिसा नव्हे. ही गोष्ट माहीत नसल्याने कुटुंबे अर्जच करत नाहीत, याचे फार वाईट वाटते. केंद्रीय साहाय्यासाठीचा ‘फाफ्सा’ हा अर्ज विनामूल्य असून त्यात दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न विचारले जाते. आपण दोघे संयुक्त करविवरण भरत असाल, तर एकाच पालकाने अर्जाच्या संकेतस्थळावर खाते उघडून करखात्याकडून करविषयक माहिती घेण्यास संमती देणे पुरेसे असते; मात्र ती संमती नसेल, तर मुलगी केंद्रीय साहाय्यास अपात्र ठरते.

राहते घर आणि निवृत्तिखाती मालमत्तेत धरू नयेत. पुण्यात भाड्याने दिलेली सदनिका असल्यास मात्र तिचे निव्वळ मूल्य दाखवावे लागते. अनेक खासगी कॉलेजे ‘सीएसएस प्रोफाइल’ हा वेगळा, अधिक खोलात जाणारा अर्जही मागतात. दरम्यान आपली नोकरी गेली, तर कॉलेजच्या अर्थसाहाय्य कार्यालयाकडे कागदपत्रांसह फेरविचाराची लेखी विनंती करावी.