आधी आंबट वासाचा डबा

प्रश्न : बाबा भूगोलाचे शिक्षक होते. त्यांनी वर्गात दाखवायला काढलेल्या स्लाइड्स आणि घरच्या फोटोंच्या निगेटिव्ह माळ्यावर मिठाईच्या पत्र्याच्या डब्यांत सापडल्या. काहींवर पांढरी जाळी आली आहे, एका डब्याला आंबट वास येतो. भाऊ म्हणतो, मोबाइलने फोटो काढून मोकळे होऊ. स्कॅनर घ्यावा का? आणि आता जुलैत हे काम काढले तर चालेल का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, आंबट वासाचा डबा आजच बाकीच्यांपासून वेगळा करा. तो वास व्हिनेगरचा आहे. जुन्या फिल्मचा पाया बहुधा अ‍ॅसिटेट नावाच्या प्लास्टिकचा असतो. उष्णतेने आणि ओलीने तो कुजायला लागला की त्यातून आम्ल सुटते, आणि त्या आम्लामुळे कुजणे आणखी वाढते. शेजारच्या धडधाकट फिल्मलाही बाधा होते. पुढे पट्टी आकसते, वाकडी होते आणि सपाट धरताच येत नाही. म्हणून लग्नाबारशाचे आवडते फोटो मागे ठेवा, पहिला नंबर या डब्याचा. झाकण काढून हवेशीर जागी ठेवा आणि तेवढ्या पट्ट्या पावसातही स्कॅन करून घ्या.

बाकी सगळे दिवाळीनंतर. आपल्याकडच्या पावसाळ्यात फिल्मवरचे जिलेटिन, म्हणजे चित्र धरणारा थर, ओल धरते, बोट लागले की ठसा उमटतो. उन्हाळाही कामाचा नाही. कूलर लावला की खोली दमट होते, बंद केला की कोरड्या हवेत फिल्मवर वीज साठते आणि पुसाल तेवढी धूळ चिकटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले महिने.

तोवर निवडायला बसा. सीताबर्डीच्या एका स्टुडिओत मी बरीच वर्षे रोल धुतले, त्यामुळे हे अगदी कळकळीने सांगतो : नुसत्या निगेटिव्हवरून चेहरे ओळखत बसू नका, पट्टीची कड वाचा. कडेला फ्रेमचे नंबर असतात, त्यावरून कापलेल्या पट्ट्यांचा क्रम लागतो आणि एक रोल एकत्र येतो. फिल्मचे नावही तिथेच असते. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ दिसली तर ती बहुधा कृष्णधवल. मग पट्टी ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. एक बाजू चकाकते, दुसरी मंद दिसते आणि तिच्यावर चित्राचा किंचित उठाव जाणवतो. ही मंद बाजू म्हणजे चित्र. तिला बोट लावायचे नाही.

पांढरी जाळी ही बुरशी आहे आणि ती जिलेटिन खाते. खाल्लेला भाग पाण्यात विरघळतो, त्यामुळे पाणी अजिबात नको. धुवायला गेलात तर चित्रच वाहून जाईल. आधी रबरी ब्लोअरने हवा मारा, मग मऊ ब्रश. चकाकत्या बाजूवर डाग असेल तर 99 टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घेऊन हलकेच पुसा. औषधाच्या दुकानातल्या साध्या स्पिरिटमध्ये पाणी असते, ते नको. मंद बाजूची जाळी तशीच स्कॅन होऊ द्या. डाग संगणकावर काढता येतो, गेलेले चित्र परत येत नाही.

आता यंत्र. भावाचा मोबाइल यादी करायला उत्तम, कोणत्या पट्टीत काय आहे ते पटकन कळते. जपून ठेवायची प्रत मात्र त्यावर नको. स्कॅनर घ्यायचा तर झाकणात दिवा असलेलाच घ्या. साध्या कागदी स्कॅनरवर फिल्म काळीच दिसेल. खोक्यावरच्या 6400 डीपीआयला (एका इंचात किती ठिपके टिपतो त्या आकड्याला) भुलू नका. 35 मिमीची फ्रेम 2400 ला स्कॅन केली की साधारण 3400 बाय 2270 पिक्सेल मिळतात, ए4 कॉपीला तेवढे पुरते. काही स्कॅनर इन्फ्रारेडने धूळ आपोआप काढतात. ते रंगीत निगेटिव्हवर छान चालते, पण चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर वापरू नका, चांदीलाच धूळ समजून चित्र बिघडते.

घरात कोणाचा डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढणारी) असेल तर मी स्कॅनरऐवजी तेच सुचवेन. चांगल्या प्रतीचे एलईडी पॅनेल, त्यावर थोडी उंच धरलेली फिल्म, वर स्टँडला खाली तोंड केलेला कॅमेरा, खोलीत अंधार. कॅमेरा सरळ आहे का हे बघायला फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचे प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसले की झाले. कॅमेऱ्यात लेन्सचे छिद्र एफ/8, संवेदनशीलता आयएसओ 100 ठेवा, फाइल रॉ (कॅमेऱ्याने न बदललेली) घ्या आणि हात लागून हलू नये म्हणून टायमर लावा. स्लाइडचे रंग सरळच दिसतात. निगेटिव्हचे उलटे रंग सरळ करायला ‘डार्कटेबल’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यातले ‘निगाडॉक्टर’ रंगीत निगेटिव्हचा नारिंगी थरही काढते.

प्रश्न : स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह टाकून द्याव्यात का? घरात जागा नाही.
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : नको. हार्ड डिस्क बंद पडते, मूळ निगेटिव्ह हातात असेल तर पुन्हा स्कॅन करता येते. फाइलींच्या दोन प्रती घरात वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, तिसरी दुसऱ्या गावी बहिणीकडे किंवा क्लाउडवर. निगेटिव्ह पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घाला, पीव्हीसीची पाकिटे चिकटतात. जागा फार लागत नाही, आतल्या भिंतीच्या कपाटाचा एक कप्पा पुरतो. फक्त माळ्यावर परत ठेवू नका. मे महिन्यात स्लॅबखाली भट्टी पेटल्यासारखे होते.