शाम्पू-आलं लावताना

ताई, सांगलीत हळद सगळ्यांना ठाऊक, म्हणून हा कंदही तसाच रानात पुराल, आणि तिथंच फसाल. हवाईत याला 'आवापुही' म्हणतात. पॉलिनेशियन दर्यावर्दींनी होड्यांतून तो त्या बेटांवर नेला आणि ओलसर, सावलीच्या जंगलात तो रानटी वाढू लागला. आपल्या काळ्या मातीत पाणी तुंबलं की कंद कुजतो. माझे पहिल्या वर्षीचे चारही गड्डे असेच गेले. उकरून बोटानं दाबले तर पिचकले, आंबूस वास आला. म्हणून गादीवाफा करा, वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा, आंब्याची सावली द्या. कंद दोन बोटं खोल, डोळा वर.

पावसाळा सरताना जमिनीतून वेगळा दांडा निघतो, टोकाला हिरवं बोंड. ते लाल झालं की हलकेच पिळा. गार, बुळबुळीत, आल्याच्या वासाचं पाणी तळहातावर उतरतं. हवाईत त्यानं केस धुतात. नातीचे केस मीही त्यानंच धुते, फार मऊ होतात.

हिवाळ्यात पाला पिवळा पडून वाळेल. झाड गेलं समजून उपटू नका, फक्त पाणी तोडा. वळवाच्या पावसानंतर कोंब दिसतील.