वाचकांचे प्रश्न : इंग्रजी अडतं नेमकं कुठे?

या वेळी इंग्रजीच्या अभ्यासाचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रांतली तक्रार सारखीच आहे: शाळेत वर्षानुवर्षं शिकूनही ऐनवेळी वाक्य जुळत नाही. मराठी बोलणाऱ्यांच्या इंग्रजीतल्या चुका सहसा ठरलेल्या जागीच होतात. त्या जागा ओळखू आल्या की पुस्तकं बदलत बसायची गरज उरत नाही, म्हणून उत्तरांत भर त्यांच्यावरच आहे.

प्रश्न : बारा काळांचा तक्ता मला तोंडपाठ आहे. कंपनीत स्टोअर सांभाळतो. साहेबांनी इंग्रजीत काही विचारलं की मात्र शब्द फुटत नाही. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : तक्ता तूर्त बाजूला ठेवा. रोजच्या बोलण्याला बारापैकी चार-पाच काळ पुरतात: साधा वर्तमान, साधा भूत, चालू वर्तमान, पूर्ण वर्तमान आणि 'विल' किंवा 'गोइंग टू' लावून होणारा भविष्य. 'आय शॅल हॅव बीन गोइंग' हे रूप पाठ असूनही स्टोअरमध्ये ते कधी लागणार नाही. शिवाय तक्त्यात बहुतेक वेळा होकारार्थी वाक्यंच असतात. कामावर मात्र आपण सारखं विचारत असतो किंवा नाही म्हणत असतो, आणि नेमकी तीच वाक्यं तोंडात बसलेली नसतात.

एक क्रियापद घ्या, समजा 'गो'. आता मोठ्याने म्हणा: 'आय गो, आय डोन्ट गो, डू यू गो, व्हेअर डू यू गो'. मग 'ही गोज, ही डझन्ट गो, डझ ही गो, व्हेअर डझ ही गो'. मग 'ही वेन्ट, ही डिडन्ट गो, डिड ही गो, व्हेअर डिड ही गो'. ही बारा वाक्यं झाली. रोज तीन क्रियापदं अशी फिरवायला दहा मिनिटं लागतात.

इथे दोन चुका हटकून होतात: 'डिड ही वेन्ट' आणि 'ही डझन्ट गोज'. इंग्रजीत काळाची खूण वाक्यात एकदाच लागते. 'डू'चं 'डिड' झालं की भूतकाळ तिथेच सांगून झाला, 'डझ' आलं की तृतीयपुरुषी एकवचनाचा 'एस' तिथेच खर्ची पडला. पुढचं क्रियापद मग मूळ रूपातच येतं. घाईत बोलताना हा नियम आठवत नाही, म्हणूनच ही वाक्यं जिभेला वळण लागेपर्यंत म्हणायची.

अनियमित क्रियापदं अकारविल्हे पाठ करू नका, आवाजाच्या गटांनी करा. 'सिंग, सँग, संग' बरोबर 'रिंग' आणि 'ड्रिंक'. 'बाय, बॉट' बरोबर 'थिंक, थॉट' आणि 'कॅच, कॉट'. 'पुट', 'कट', 'लेट', 'हिट' यांचं रूप मुळी बदलतच नाही. 'ब्रिंग'चं 'ब्रॉट' आणि 'बाय'चं 'बॉट' यांत एका 'आर'चा फरक आहे, आणि 'माल आणला' म्हणायचं असताना 'माल विकत घेतला' असा अर्थ निघू शकतो.

दोन आठवड्यांनी वाक्यं तुमच्या कामातली घ्या: 'द मटेरिअल केम यस्टरडे. वी डिडन्ट गेट द बिल. व्हेन डिड दे सेन्ड इट?' अशी वीस-पंचवीस वाक्यं सरावाची झाली की साहेबांच्या बऱ्याच प्रश्नांना उत्तर तयार असेल.

प्रश्न : बँकेत कामाला आहे. ई-मेलमध्ये 'आय हॅव सेन्ट द फाइल यस्टरडे' असं लिहिलं, तर वरिष्ठांनी ते चूक ठरवलं. 'मी काल फाइल पाठवली आहे' यात चूक काय? (एक वाचक, लातूर)

उत्तर : मराठीत काहीच चूक नाही. 'साहेब काल आलेत', 'फाइल परवाच पाठवली आहे' असं आपण सर्रास म्हणतो. इंग्रजीतला पूर्ण वर्तमानकाळ मात्र सरून गेलेल्या वेळेबरोबर येत नाही. काल, गेल्या सोमवारी, दोन दिवसांपूर्वी, 2019 मध्ये, यांपैकी काही वाक्यात आलं की साधा भूतकाळच हवा: 'आय सेन्ट द फाइल यस्टरडे'. वेळ सांगायची नसेल आणि काम झालंय एवढंच कळवायचं असेल, तर 'आय हॅव सेन्ट द फाइल'. लिहून झाल्यावर स्वतःला विचारा: 'कधी?' या प्रश्नाचं उत्तर याच वाक्यात आहे का? असेल तर 'हॅव' काढून टाका.

याच पत्रात 'सिन्स' आणि 'फॉर'बद्दलही विचारलं आहे. आपल्याकडे दोन्हींसाठी 'पासून' चालतं: पाच वर्षांपासून, 2019पासून. इंग्रजीत काळाची लांबी असेल तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स'. कॅलेंडरवर जिथे बोट ठेवता येईल तिथे 'सिन्स'. सोमवार, जून, 2019 यांवर बोट ठेवता येतं. 'पाच वर्षं' यावर येत नाही. पण या वाक्यातली मोठी चूक क्रियापदात असते. 'मी पाच वर्षांपासून लातूरला राहतोय' यातलं 'राहतोय' वर्तमानकाळी, म्हणून हात आपोआप 'आय ॲम लिव्हिंग' लिहितो. तिथे 'आय हॅव बीन लिव्हिंग इन लातूर फॉर फाइव्ह इयर्स' हवं. अर्जात आणि मुलाखतीत हे वाक्य येतंच, तेव्हा आपल्या गावाचं आणि नोकरीचं वाक्य बिनचूक करून ठेवा.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करते. 'ए', 'ॲन', 'द' यांचे नियम इतके आहेत की सगळे एकमेकांत मिसळतात. (एक वाचक, परभणी)

उत्तर : एका नियमाने सुरुवात करा: मोजता येणारं एकवचनी सामान्यनाम इंग्रजीत सहसा एकटं उभं राहत नाही. त्याच्या आधी 'ए', 'ॲन', 'द', 'माय', 'धिस' असं काहीतरी लागतं. 'ती शिक्षिका आहे' हे मराठीत पुरेसं आहे, म्हणून 'शी इज टीचर' लिहिलं जातं. हवं 'शी इज ए टीचर'. निबंध लिहून झाला की अशा प्रत्येक नामाखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि त्याच्या आधी काय आहे ते पाहा. पंधरा ओळींच्या मजकुराला तीन मिनिटंही लागत नाहीत.

'ए' की 'ॲन' हे अक्षरावर ठरत नाही, उच्चारावर ठरतं: 'ॲन अवर', 'ॲन एमएलए', 'ॲन एसटी बस', पण 'ए युनिव्हर्सिटी', 'ए वन-वे रोड'. नद्या, समुद्र आणि पर्वतरांगांना 'द' लागतो: 'द गोदावरी', 'द अरेबियन सी', 'द सह्याद्रीज'. शहरं, राज्यं आणि एकेकट्या शिखरांना लागत नाही. 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज', 'ॲडव्हाइस', 'इक्विपमेंट' यांना 'ए' नाही आणि अनेकवचनाचा 'एस'ही नाही. चूक शोधायच्या प्रश्नात हे शब्द वारंवार भेटतात.

प्रश्न : रोज शब्दकोशातले वीस शब्द पाठ करतो, आठवड्याने दोनही आठवत नाहीत. वयाचा दोष असेल का? मी 46 वर्षांचा आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वयाला दोष देऊ नका, उजळणीचं वेळापत्रक बदला. पाठ केलेली गोष्ट सुरुवातीला झपाट्याने विसरली जाते आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. म्हणजे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, पुढच्या लांबत गेल्या तरी चालतात.

त्यासाठी पाच खणांचा एक डबा करा. जाड कागदाची पत्त्यांएवढी कार्डं कापा. पुढच्या बाजूला शब्द गाळलेलं वाक्य, मागे तो शब्द. नवं कार्ड पहिल्या खणात, आणि हा खण रोज पाहायचा. आठवलं तर कार्ड पुढच्या खणात, नाही आठवलं तर कितव्याही खणातून थेट पहिल्यात. दुसरा खण दर दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठ आणि पाचवा पंधरा दिवसांनी. ही पद्धत सेबास्टियन लाइट्नरने 1972 मध्ये मांडली, आणि मोबाइलवरची कार्डांची बरीच ॲप्स याच तत्त्वावर चालतात. रोज नवे शब्द पाचच घ्या. वीस घेतले तर आठवड्याभरात पहिला खण तुंबतो आणि माणूस डबाच उघडेनासा होतो.

कार्डावर सुटा शब्द आणि त्याचा मराठी अर्थ लिहिणं टाळा. शब्दाची सोबत माहीत नसेल तर तो वापरता येत नाही. आपण परीक्षा 'देतो', म्हणून 'गिव्ह ॲन एक्झाम' म्हणतो. तिथे 'टेक' हवं. चूक 'मेक' होते, गृहपाठ 'डू' होतो. आणि शब्दकोशातून अवघड शब्द वेचू नका. मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये सुमारे दोन हजार नेहमीच्या इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या मजकुरातले साधारण पाचातले चार शब्द तिच्यातले निघतात. 'गेट', 'टेक', 'पुट', 'कीप' हे शब्द आपण सोपे म्हणून सोडून देतो, पण बोलताना तेच हाताशी हवेत.

प्रश्न : इंग्रजी बातम्या बऱ्यापैकी समजतात, बोलता मात्र येत नाही. घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही. एकटीने सराव होऊ शकतो का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : होतो, मात्र नुसतं ऐकून होत नाही आणि नुसतं मोठ्याने वाचूनही होत नाही, कारण वाचताना शब्द डोळ्यांना आयते मिळतात. एक ते दीड मिनिटाचं असं ध्वनिमुद्रण घ्या, ज्याचा मजकूर छापील मिळतो. आधी न वाचता ऐका. मग मजकूर पाहून अडलेले शब्द समजून घ्या. नंतर एकेक वाक्य थांबवून त्याच चालीत म्हणा, शेवटी बोलणाऱ्याबरोबरच म्हणा. तोच तुकडा चार-पाच दिवस ठेवा. पाचव्या दिवशी मजकूर मिटून त्याच विषयावर एक मिनिट बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा. ऐकताना जिथे जिथे अडखळलात ते शब्द आणि वाक्यं वहीत उतरवा. पुढच्या आठवड्याचा अभ्यास त्या वहीतच आहे.

उच्चारांत दोन गोष्टींकडे लक्ष द्या. आपण शब्दाच्या प्रत्येक अक्षरावर जवळपास सारखा जोर देतो, इंग्रजीत तो एका ठिकाणी ठळक पडतो: 'हॉटेल'मध्ये 'टेल'वर, 'डेव्हलप'मध्ये 'वे'वर, 'फोटोग्राफ'मध्ये 'फो'वर आणि 'फोटोग्राफी'मध्ये 'टो'वर. दुसरी गोष्ट 'ए'ची. मिळणे आणि फाटक दोन्हींना आपण 'गेट' म्हणतो. होऊ देणे आणि उशिरा, दोन्ही 'लेट'. चाचणी आणि चव, दोन्ही 'टेस्ट'. प्रत्येक जोडीतल्या पहिल्या शब्दात 'ए' झटकन तुटतो, दुसऱ्यात तो लांबतो आणि शेवटी 'इ'कडे झुकतो. अशा दहा जोड्या आलटूनपालटून म्हणा. 'बॅट' आणि 'बेट' यांतला फरक मात्र मराठी कानाला सहज कळतो, तिथे वेळ घालवू नका.

आणखी एक सवय हवी. 'मला भूक लागली', 'मला आवडतं', 'मला ताप आहे', 'मला माहीत आहे' या सगळ्यांची सुरुवात 'मला'ने होते. इंग्रजीत तिथे 'आय' कर्ता होतो: 'आय ॲम हंग्री', 'आय लाइक इट', 'आय हॅव ए फीव्हर', 'आय नो'. अशी दहा-बारा वाक्यं जशीच्या तशी तोंडात बसवली की मनातल्या मनात भाषांतर करताना लागणारा वेळ वाचतो. 'आय ॲम नोइंग' मात्र नको. जाणणं, आवडणं, मालकी असणं ही क्रियापदं सहसा चालू काळात येत नाहीत.

प्रश्न : 'डिस्कस अबाउट' चूक का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : 'डिस्कस'ला थेट कर्म लागतं: 'वी डिस्कस्ड द प्लॅन'. मराठीतलं 'त्याबद्दल', 'त्याला', 'त्याच्याशी' इंग्रजीत शिरतं आणि 'आस्क्ड टू हिम', 'रीच्ड टू पणजी', 'मॅरीड विथ हर' तयार होतात. बरोबर रूपं 'आस्क्ड हिम', 'रीच्ड पणजी', 'मॅरीड हर'. 'अँग्री'ला 'ऑन' नाही, 'विथ' लागतो.

प्रश्न : मुलगी पाचवीत, सेमी-इंग्रजीला आहे. आम्हा दोघांचं इंग्रजी कच्चं. घरी काय करून घ्यावं? (एक पालक, धाराशिव)

उत्तर : गणित आणि विज्ञानाच्या प्रश्नांतले आज्ञेचे शब्द आधी पक्के करून घ्या: 'फाइंड', 'सिम्प्लिफाय', 'कम्पेअर', 'गिव्ह रीझन्स', 'डिस्टिंग्विश बिट्वीन'. पुष्कळदा मुलाला गणित येत असतं, प्रश्न काय मागतोय ते कळलेलं नसतं. विज्ञानाचा भाग तिला आधी मराठीत समजावून सांगू द्या, मग त्यातली दोन वाक्यं इंग्रजीत.

रोज पाच वाक्यांचं श्रुतलेखन घ्या. पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. तुमच्या उच्चाराची खात्री नसेल तर फोनला वाक्य वाचायला लावा. तपासायचं तिनेच, पुस्तक उघडून. एका दिवशी एकाच प्रकारची चूक दाखवा, आज फक्त मोठी लिपी आणि पूर्णविराम, उद्या फक्त 'एस'. प्रत्येक शब्दावर टोकलं की मुलं लिहायला घाबरतात आणि येणारी छोटी वाक्यंच लिहीत राहतात.

प्रश्न : मोबाइलवर भाषांतर लगेच मिळतं. ते वापरून इंग्रजी सुधारेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वापरण्याचा क्रम बदलला तर सुधारेल. आधी पाच-सहा ओळी स्वतः इंग्रजीत लिहा, चुका राहू द्या. मग त्या दुरुस्त करून घ्या, आणि दुरुस्ती नुसती वाचून सोडू नका. वहीच्या पानाचे तीन रकाने करा: माझं वाक्य, दुरुस्त वाक्य, कारण. तिसरा रकाना मराठीत आणि चार शब्दांत लिहा: 'वेळ दिली, हॅव नको', 'एकवचन, ए हवा'. कारण स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं नाही तर ती दुरुस्ती कळलेली नाही, ते वाक्य कुणाला तरी विचारा. महिन्याने हा रकाना वरपासून खाली वाचा. जे कारण सर्वांत जास्त वेळा आलं असेल, त्यावरच पुढचे दहा दिवस रोज पाच वाक्यं लिहा.