हेगच्या कोर्टात जायचंय, पण आधी बी.कॉम. पूर्ण होऊ द्या

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वडिलांचं पत्र आलंय : 'मुलगी जळगावला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दहशतवादाला पैसा पुरवणाऱ्यांवर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटले लढवायचे म्हणते. यात काही दम आहे, की नुसतं खूळ?'

नमस्कार दादा,

खूळ नाही. फक्त एक गोष्ट तिला सांगा : त्या न्यायालयात माणसावर खटला चालत नाही, देश देशावर दावा लावतो. पैसा पुरवणाऱ्या माणसाला पकडायचं काम त्या त्या देशाचं. आपल्याकडे त्यासाठी यूएपीएचं, म्हणजे बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याचं, कलम 17 आहे.

तरी हेगचं म्हणणं महत्त्वाचं. 1999च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, दहशतवादी कृत्यासाठी वापरला जावा या हेतूने, किंवा तसा वापरला जाणार हे माहीत असूनही पैसा देणं वा गोळा करणं हा गुन्हा. तो पैसा प्रत्यक्षात वापरला गेला नाही, तरीही. याच कराराखाली युक्रेनने 2017मध्ये रशियाला कोर्टात खेचलं. 31 जानेवारी 2024च्या निकालात न्यायालयाने 'निधी'ची हद्द आखली : पैशाच्या मोलासाठी दिलेलं सोनं, हिरे, तेल, क्रिप्टोसुद्धा त्यात बसू शकतं, शस्त्रं आणि प्रशिक्षण शिबिरं बसत नाहीत. युक्रेनचा बराचसा दावा तिथेच गळाला. संशयितांबद्दल माहिती मिळूनही रशियाने तपास केला नाही, या कराराखाली एवढाच ठपका उरला.

सोन्याचं नाव निघालंच आहे, तर जळगावच्या सराफ बाजाराकडे बघा. दहा लाख किंवा त्याहून जास्त रोखीचा व्यवहार करणारा सराफही आता मनी लाँडरिंग कायद्याच्या कक्षेत येतो. असा पैसा हुडकण्याच्या नोकऱ्या इथेच आहेत, बँकांच्या अनुपालन विभागांत, म्हणजे कायद्याचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागांत. एखाद्या खात्यात वेगवेगळ्या गावांहून चार-पाच हजार जमा होतात आणि त्याच संध्याकाळी दूरच्या एटीएममधून सगळे निघतात. असं दिसलं की अहवाल दिल्लीच्या एफआययूकडे, म्हणजे संशयास्पद व्यवहारांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे जातो. खातेदाराला खरंच काय ठाऊक होतं, हे पुढे वकिलाने सिद्ध करायचं, आणि खरी झटापट तिथेच असते. हिशेब वाचता येणारा वकील यात उजवा ठरतो, म्हणून बी.कॉम. वाया गेलं असं मुळीच समजू नका.

पदवीनंतर एमएच-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. करू द्या. हेगच्या न्यायालयाची नव्या पदवीधरांसाठी फेलोशिप आहे, पण त्यासाठी विद्यापीठाने नाव पाठवावं लागतं. तो विचार नंतरचा. परदेशी एलएल.एम.साठी आत्ताच शेत गहाण टाकू नका. युक्रेन-रशिया खटल्याचा तो निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. या सुट्टीत तिला तो इंग्रजीतून पूर्ण वाचू द्या. कंटाळली नाही, तर सीईटीचा अर्ज भरा.