जीपीआय अँकरवाली, म्हणजे साखर-लिपिडच्या खुंटीनं पडद्याला अडकलेली प्रोटीनं पेशीच्या पृष्ठभागावर जातात कशी? 'लिपिड राफ्टमुळे' (पडद्यातल्या घट्ट लिपिडच्या तराफ्यांमुळे) एवढंच लिहिलं तर चालतं का?

नाही चालत. आणि कुणी चालवून घेत असेल, तर त्याच्याशी माझं जुनं भांडण आहे.

ट्रान्सअमिडेज हे एन्झाइम ईआरमध्ये, म्हणजे प्रोटीनं जिथं बनतात त्या पडद्यांच्या जाळ्यात, प्रोटीनची शेपटी कापून जीपीआय जोडतं, हे तुम्हाला येत असणारच. खरी गोची पुढं आहे. हे प्रोटीन ईआरच्या आतल्या बाजूला नुसत्या लिपिडच्या खुंटीला लटकलेलं. पडद्याच्या आरपार त्याचा एकही तुकडा जात नाही. माल पुढं नेणाऱ्या पुटिका बांधणारं कॉप-टू प्रोटीनांचं आवरण मात्र बाहेर, सायटोसॉलमध्ये, म्हणजे पेशीद्रवात. मग आतल्या मालाची खबर बाहेर लागते कशी?

एमएस्सीच्या तोंडीला परभणीत मला हेच विचारलं होतं. लाईट गेलेली, बाहेरून आलेले सर बशीत चहा ओतून पीत बसलेले. मी फळ्यावर पडद्याच्या दोन रेषा ओढल्या आणि त्यांच्यातून पी२४ हे प्रोटीन आरपार उभं केलं. आतलं टोक जीपीआयला धरतं, बाहेरचं कॉप-टूच्या सेक२४ या घटकाला. त्याआधी पीगॅप१ आणि पीगॅप५ या एन्झाइमांनी अँकरची छाटणी केलेली लागते, नाहीतर पी२४ त्याला नीट धरत नाही, हेही सांगितलं. सर उठले, पी२४ तळहातानं पुसलं आन् म्हणाले, "कशाला एवढं? राफ्टमध्ये गोळा होतात, आपोआप जातात. नोट्समध्ये तेच आहे."

"सर, आपल्या पेशींत राफ्टला लागणारी संपृक्त फॅटी आम्लाची साखळी गॉल्जीत, ईआरच्या पुढच्या टप्प्यावर, बसते. ईआरमधून निघताना राफ्ट आला कुठून?"

"वाद घालायचाय की पास व्हायचंय?"

पास झालो, पण मार्क घरी सांगण्यासारखे नव्हते.

गॉल्जीत आम्लता जरा वाढते, तिथं पी२४ माल सोडतं. मग पीगॅप३ असंपृक्त साखळी काढतं आणि पीगॅप२च्या मदतीनं संपृक्त साखळी बसते. राफ्टची गोष्ट इथून पुढची. तिथून पृष्ठभागापर्यंतचा रस्ता पेशीच्या प्रकाराप्रमाणं बदलतो, त्यात आत्ता शिरत नाही.

ही घोकंपट्टी कशाला, असं विचारणाऱ्यांनी पीएनएच हा लाल रक्तपेशी फुटण्याचा आजार बघावा. मज्जेतल्या मूळपेशीत पीआयजी-ए जनुक बिघडलं की जीपीआयच बनत नाही. सीडी५५, सीडी५९ ही जीपीआयनं अडकणारी संरक्षक प्रोटीनं लाल पेशींवर येत नाहीत आणि माणसाचं स्वतःचंच कॉम्प्लिमेंट (रक्तातली जंतू मारणारी प्रोटीनं) त्या पेशी फोडतं. सकाळी लघवी काळपट होते ती त्यामुळं.

आता एक कबूल करायला हवं: यीस्टमध्ये ती साखळी ईआरमध्येच बदलली जाते, त्यामुळं सरांचं म्हणणं यीस्टपुरतं अगदीच टाकाऊ नाही. पण प्रश्न माणसाच्या पेशीचा होता. शिवाय पी२४ कमी केलं तरी वाहतूक ठप्प होत नाही, रेंगाळते.

तुम्ही पी२४च लिहा. मार्क कापले तर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा आणि भांडा. तोंडी परीक्षेची झेरॉक्स निघत नाही, नाहीतर मी सोडलं नसतं.