पहिला घाट तोरणमाळचा करा

भाऊ, घाटात पहिल्यांदाच गाडी चालवणार असाल तर चाळीसगावहून कन्नड घाटात शिरू नका. धुक्यात समोरचं वळण दिसत नाही, तिथं नवख्याचा जीव घाबरा होतो. शहाद्याहून तोरणमाळ गाठा. रस्ता अरुंद असला तरी वर्दळ कमी. सातपुड्यात ११०० मीटरांहून उंच चढून गेलात की यशवंत तलाव दिसतो. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात जा. डोंगर हिरवा असतो आणि दरडींची भीतीही कमी.

नवे लोक चुकतात ते उतारावर. सारखा ब्रेक दाबून ठेवतात, मग जळक्या रबरासारखा वास येतो आणि पॅडल मऊ पडतं, म्हणजे ब्रेक नीट लागत नाही. मी स्वतः एकदा हे भोगलंय. ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. न्यूट्रल तर अजिबात नको.

आणखी थोडं:
- चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.
- आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, ओव्हरटेक नको. एसटी वळताना तिला पूर्ण रस्ता लागतो, थांबून घ्या.
- टाकी शहाद्यातच भरा, अंधाराआधी खाली या.

फोटो काढायचा तर गाडी रुंद जागी लावा, वळणावर नाही. सातपुड्यातल्याच चांदसैली घाटाचं नंतर बोलू. आधी हा करून या, नक्की जमेल तुम्हाला.